शंभरातील ब्याऐंशी

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू होती. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर नुकतेच कौन्सिलचे सदस्य झाले होते. आठच दिवसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी इतिहास घडविला. त्यामुळे २० मार्च ही तारीख आपल्या घराघरांत पाठ आहे. १२ मार्चचे भाषण मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाचनात आलेले असते. त्या भाषणात बाबासाहेबांनी सरकारच्याच शिक्षण अहवालातील एक आकडा सरकारपुढे ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी १८ मुलेच चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात, असा तो आकडा होता. शाळेच्या दारातून आत आलेले प्रत्येक मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, प्राथमिक शिक्षणाचा हेतूच तो आहे, असे त्यांनी बजावले. दारूवरील करातून सरकार जेवढे वसूल करते तेवढे तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करावे, अशीही मागणी त्यांनी केली.

या भाषणातील एक गोष्ट आम्हांस वारंवार विचार करावयास लावते. ८२ मुले गळाली याचा दोष बाबासाहेबांनी त्या ८२ मुलांच्या माथी मारला नाही. मुले मंदबुद्धी आहेत, त्यांचे आईबाप अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाची गोडी नाही, असे त्या काळचे प्रतिष्ठित लोक उघडपणे बोलत असत. बाबासाहेबांनी तोच आकडा घेतला आणि राज्यकर्त्यांच्या हिशेबवहीत मांडला. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनातही त्यांनी हेच केले. दर १,००० लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेत जाणारी मुले किती, तर पुढारलेल्या हिंदूंची ११९, मुसलमानांची ९२, मध्यम वर्गाची ३८ आणि मागासवर्गाची १८. सरासरीचा एकच आकडा दिला असता तर ही १८ मुले त्यात बेमालूम बुडून गेली असती. आकडे वर्गवार मांडले म्हणूनच अन्याय डोळ्यांना दिसला.

आम्ही व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ आहोत. शिक्षणशास्त्राचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु लहान मुलांचे मोजमाप कसे करावे आणि कशासाठी करावे, हा आमच्या रोजच्या कामाचा विषय आहे, म्हणून हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी १९१३ साली प्रवेश घेतला आणि ज्याने १९५२ साली त्यांना डॉक्टर ऑफ लॉज ही सन्माननीय पदवी दिली, त्याच विद्यापीठात त्याच १९५२ साली डॉ. व्हर्जिनिया अपगार या भूलशास्त्रज्ञ विदुषीने नवजात बालकासाठी एक साधी गुणपद्धती मांडली. मूल जन्मल्यानंतर एका मिनिटाने आणि पाचव्या मिनिटाला त्याचे हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोर, प्रतिक्षेप आणि रंग पाहावयाचे आणि प्रत्येकास शून्य ते दोन गुण द्यावयाचे. एकंदर गुण दहा. आज जगभरातील प्रसूतिगृहांत हे गुण नोंदवले जातात. आता विचार करावा, की एखाद्या बालकास तीन गुण पडले तर आम्ही काय करतो? ते नापास झाले असे कोणी म्हणत नाही. ते कोणत्या जातीचे, त्याची आई किती शिकलेली, हेही कोणी विचारीत नाही. खोलीतील प्रत्येक माणूस त्या बालकाकडे धावतो. अपगारचा गुण नोंदला जातो बाळाच्या नावावर, परंतु परीक्षा असते भोवती उभ्या असलेल्या मोठ्या माणसांची.

बालशिक्षणातील गुणांचा आणि आकड्यांचा उपयोग असाच झाला पाहिजे, एवढेच आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे.

येथे आमची एक आठवण सांगणे भाग आहे. विदर्भातील एका लहान गावच्या शाळेत आम्ही पहिलीत बसलो तेव्हा शेजारी आमच्याच वस्तीतील एक मुलगा बसत असे. पावसाळाभर त्याचा कान वाहत असे. गुरुजींनी फळ्याकडे तोंड करून सांगितलेले त्याला ऐकूच जात नसावे, कारण तो आमच्या पाटीत पाहून लिही. त्यास ‘मठ्ठ’ हे नाव मिळाले, आणि त्यासोबत ‘तुमच्या लोकांना विद्या यायची नाही’ हे वाक्यही. तिसरीत असताना पटावरून त्याचे नाव कमी झाले. दहावीस पोहोचलो तेव्हा वस्तीतील त्या वर्गातले आम्ही दोघेच उरलो होतो. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात मध्यकर्णाच्या जुनाट दाहाचे प्रकरण वाचताना तो मुलगा अचानक आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याच्या कानात दुर्बीण घालून पाहण्यास किती वेळ लागला असता? पहिलीच्या चौथ्या महिन्यात ‘याला अक्षरे का येत नाहीत?’ असा प्रश्न कोणी तरी वहीत लिहून ठेवला असता आणि त्याचे उत्तर शोधले असते, तर तो मुलगा आज कोठे असता? त्याचे गुण शाळेकडे होते. परंतु ते त्याला काढून टाकण्यास उपयोगी पडले, धरून ठेवण्यास नव्हे.

आज परिस्थिती काय आहे? २००५ सालापासून भारताच्या ग्रामीण भागात ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे. कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलाच्या हाती एक कागद देतात. त्यावर अक्षरे असतात, सोपे शब्द असतात, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद असतो आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कोठपर्यंत वाचते एवढेच पाहावयाचे. २०२४ च्या पाहणीत ६ ते १४ वयाची ९८ टक्क्यांहून अधिक मुले शाळेच्या पटावर होती. परंतु तिसरीतील १०० मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुले होती सुमारे २७. १९२७ चा आकडा आणि हा आकडा निरनिराळ्या गोष्टी मोजतात, त्यांची सरळ तुलना करणे योग्य नाही. तरीही अर्थ स्पष्ट आहे. पूर्वी आपले मूल शाळेच्या पटावरून गळत असे. आज ते पटावर राहते, हजेरी लागते, दुपारचा आहार मिळतो, वरच्या वर्गात ढकललेही जाते. आणि वर्गात बसल्या बसल्याच ते शिक्षणातून गळते. पहिली गळती हजेरीपटात दिसत असे. ही दुसरी गळती मोजल्याशिवाय दिसतच नाही. केंद्र सरकारने २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले आणि तिसरीअखेर प्रत्येक मुलास वाचन व अंकगणित यावे, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठेवली, त्यामागे हीच जाणीव आहे.

मोजल्यानंतर करावयाचे काय, याचेही उत्तर आपल्याच मुंबईने दिले आहे. १९९५ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ हा प्रयोग केला. तिसरी-चौथीतील मागे पडलेली मुले निवडावयाची आणि रोज सुमारे दोन तास वस्तीतीलच एका शिकलेल्या तरुणीने त्यांना ती जेथे अडली आहेत तेथून शिकवावयाचे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाचे शास्त्रीय मूल्यमापन केले, तेव्हा या मुलांची प्रगती निःसंशय दिसून आली. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात अशा प्रयोगांचा वाटा आहे. येथून पुढे जी पद्धत विकसित झाली तिचे सूत्र सोपे आहे. मुलाची इयत्ता कोणती हे न पाहता त्याची वाचनाची पायरी कोणती हे पाहावे, एका पायरीवरील मुलांना एकत्र बसवून शिकवावे आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. वैद्यकात याहून निराळे काय असते? तपासणी, निदान, उपचार आणि पुन्हा तपासणी.

आपण ज्या देशात राहतो त्या अमेरिकेतील एक उदाहरणही आपल्या समाजाने अभ्यासण्यासारखे आहे. गुलामीच्या काळात येथील अनेक दक्षिणी राज्यांत गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणे हा गुन्हा होता. वेदाचे शब्द कानी पडले म्हणून शिक्षा सांगणाऱ्या परंपरेतून आलेल्या आपणांस याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच दक्षिणेतील मिसिसिपी हे अत्यंत गरीब राज्य शिक्षणात वर्षानुवर्षे तळाशी असे. २०१३ साली तेथील विधिमंडळाने प्राथमिक वाचनाचा कायदा केला. बालवाडीपासून तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाची वाचनाची छोटी तपासणी वर्षातून तीनदा होऊ लागली. जे मूल अडले असेल त्याच्या पालकांस लेखी कळविणे शाळेवर बंधनकारक झाले. शिक्षकांना वाचन शिकविण्याचे शास्त्र नव्याने शिकविण्यात आले. ज्या शाळांचे आकडे सर्वांत वाईट, त्याच शाळांत अनुभवी वाचन-मार्गदर्शक आधी पाठविण्यात आले. म्हणजे आकडा पाहून शिक्षा पाठविली नाही, माणूस पाठविला. चौथीच्या राष्ट्रीय वाचन परीक्षेत मिसिसिपीची सरासरी २०१३ साली २०९ होती, ती २०१९ साली २१९ झाली आणि देशाच्या सरासरीस येऊन मिळाली. कोविडच्या महामारीनंतर देशाची सरासरी घसरत २०२४ साली २१४ वर आली, त्या वर्षीही मिसिसिपी २१९ वर होते.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद या कायद्यात आहे. तिच्याविषयी मतभेद आहेत आणि वाढीचा काही भाग त्यामुळेच दिसतो, असे काही अभ्यासक म्हणतात. आठवीच्या परीक्षेत तेवढी झेप दिसत नाही. मुलास मागे ठेवणे आम्हांस व्यक्तिशः पसंत नाही. परंतु तपासणी लवकर, मदत लगेच आणि सर्वांत अधिक मदत सर्वांत दुर्बल शाळेस, ही तीन तत्त्वे कोणत्याही विहारात लिहून लावण्यासारखी आहेत.

आकड्यांचा दुरुपयोगही येथेच झाला, हे विसरून चालणार नाही. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली पुस्तक लिहून काही वंश जन्मतःच कमी बुद्धीचे असल्याचे सांगितले. १९३० साली त्याने स्वतःच आपले निष्कर्ष निराधार असल्याचे मान्य केले. परंतु तोवर १९२४ च्या कायद्याने अनेक परकीयांसाठी या देशाची दारे बंद झाली होती. पुढे २००२ साली कायद्याचे रूप घेतलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ धोरणाने वंशवार आणि उत्पन्नवार आकडे जाहीर करणे बंधनकारक केले, हे बाबासाहेबांच्या तक्त्याशी नाते सांगणारे मोठे काम झाले. पण त्याच धोरणात आकड्यांचा चाबूक झाला. २०११ साली अटलांटा शहरातील ४४ शाळांत १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांत फेरफार केल्याचे वा त्यास जबाबदार असल्याचे राज्याच्या चौकशीत निष्पन्न झाले. ज्या गुणांवर नोकरी आणि बक्षीस टांगलेले असते ते गुण खोटे बोलू लागतात. आणि त्याची किंमत मोजतात ती गरीब मुले, कारण ती शिकली आहेत असे कागद सांगतो आणि मदतीचा हात मागे घेतला जातो.

आता आपल्या घरातील गोष्ट. आपली संस्था दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास गावाकडील दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके पाठविते. त्यांची छायाचित्रे या स्मरणिकेत छापली जातात आणि ती पाहून आमचाही ऊर भरून येतो. परंतु हे गुणवंत त्या १८ मधले आहेत. ८२ मुले या पानांवर कधी येत नाहीत, कारण दहावीच्या निकालापर्यंत ती पोहोचतच नाहीत, आणि पोहोचली तरी तिसरीपासून अडलेली असतात. दोन वर्षांपूर्वी कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही निम्मा निधी पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचनासाठी द्यावा अशी सूचना मांडली. तेव्हा एका ज्येष्ठ बांधवांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, पहिलीतल्या पोराला अक्षर ओळखता आले, याचा फोटो काय छापणार?” सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र तो वाहत्या कानाचा मुलगा वाटभर सोबत होता. सूचना बारगळली. ती आज लेखाच्या रूपाने पुन्हा मांडीत आहोत.

आमची सूचना अशी. ज्या गावांशी आपल्या सभासदांचे नाते आहे त्यांपैकी मोजक्या पाच गावांतील विहारांत, परकीय निधीविषयीचे कायदे काटेकोरपणे पाळून, तेथील पात्र नोंदणीकृत संस्थेमार्फत संध्याकाळचा वाचनवर्ग सुरू करावा. वस्तीतीलच शिकलेल्या तरुणीस सन्मानाचे मानधन द्यावे. पहिली ते तिसरीच्या प्रत्येक मुलाची वाचनाची पायरी जुलै, नोव्हेंबर आणि मार्च अशी तीनदा नोंदवावी. ही वही पालकांस त्यांच्या स्वतःच्या मुलापुरती दाखवावी, चारचौघांत वाचून दाखवू नये. जे मूल एका तपासणीपासून दुसरीपर्यंत जागचे हलले नसेल त्याचे कान, डोळे आणि हिमोग्लोबिन तपासावे. कान वाहणे, दृष्टिदोष आणि रक्तक्षय हे आजार बरेचदा मंदबुद्धीचे सोंग घेऊन येतात. या तपासणीचा खर्च येथील आम्ही डॉक्टर मंडळी उचलू शकतो. प्रकृती ठीक असूनही मूल हलत नसेल, तर शिकविण्याची रीत बदलावी. आणि आपल्याकडे दरवर्षी एकच आकडा यावा : किती मुले होती आणि त्यांपैकी किती एक पायरी तरी पुढे गेली. तो आकडा त्या मुलांचा निकाल समजू नये, तो आपल्या संस्थेचा निकाल समजावा. वाईट आला तर तोही याच स्मरणिकेत छापावा.

दहावी-बारावीची पारितोषिके बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. त्या विद्यार्थ्यांच्या कष्टांस दाद मिळालीच पाहिजे. परंतु कळसाला तोरण बांधताना पायात पाणी शिरले आहे की काय, हेही पाहावे.

येथील आपल्या मुलांविषयीही दोन शब्द. जयंतीच्या भोजनप्रसंगी आपण एकमेकांच्या मुलांचे शतमान विचारतो. कोणाचे मूल हुशारांच्या खास वर्गात गेले याची चर्चा रंगते. त्याच वेळी कोपऱ्यात एखादी माता गप्प बसलेली असते, कारण तिच्या मुलाच्या शिक्षिकेने वाचन मागे असल्याचे पत्र पाठविलेले असते आणि ते तिने पर्समध्ये दडवून ठेवलेले असते. अशा माता आमच्या दवाखान्यात येतात आणि प्रथम विचारतात ते हे, की डॉक्टर, हे कोणाला कळणार तर नाही ना? भगिनींनो, ते पत्र कलंक नाही, हाक आहे. सार्वजनिक शाळेकडे आपल्या मुलाच्या विनामूल्य तपासणीची लेखी मागणी करण्याचा अधिकार या देशाचा कायदा आपणांस देतो. तो वापरण्यात संकोच कसला? अर्ज आणि निवेदने लिहून हक्क मिळविण्याची रीत तर आपल्याला बाबासाहेबांनीच शिकविली. आणि घरी मराठी बोलल्याने मूल इंग्रजीत मागे पडते, ही भीतीही मनातून काढून टाकावी. आईच्या मांडीवर ऐकलेली मराठी गोष्ट ही वाचनाची पहिलीच पायरी होय.

बाबासाहेबांनी १९२७ साली तो आकडा उच्चारला तेव्हा सरकार परके होते आणि ८२ मुलांच्या बाजूने बोलणारे फार थोडे होते. आज त्या १८ मधून आलेले आपण डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक होऊन सातासमुद्रापार स्थिरावलो आहोत. आपल्यासोबत पहिलीत बसलेला, पाटीत डोकावणारा मुलगा आपल्यापैकी प्रत्येकाच्या आठवणीत कोठे ना कोठे असेलच. त्याच्या नातवंडाच्या हाती येत्या जुलैमध्ये कोणी वाचनाचा कागद देईल काय, आणि ते अडखळले तर कोणी जवळ बसेल काय, याचे उत्तर आपल्या पुढील बैठकीने द्यावे. ते ‘होय’ असे आले, तर आपण वाहिलेले अभिवादन बाबासाहेबांपर्यंत पोहोचले असे आम्ही समजू.

जय भीम! नमो बुद्धाय!